गणपतीत उपटलेली वायर

आमच्या भिलाईच्या स्टील प्लांट कॉलनीतल्या काकालोकांचं सांगतो. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून रॉक बँडमध्ये गायला लागलो, तेव्हा जन्मभर साहेबासमोर माना डोलावणारी ही माणसं मलाच वाया गेलेला म्हणायची. त्यांचं सोडा. बाबांनी माझं गाणं एकदा तरी ऐकावं एवढंच मला हवं होतं, आणि ते घरी हूं की चूं करत नव्हते.

त्या वर्षी सेक्टरच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐनवेळी आला नाही, म्हणून आम्हाला स्टेज मिळालं. बाबा आले आणि थेट स्पीकरला खेटून बसले. मी जीव तोडून गायला लागलो. दुसऱ्या कडव्यावर मंडळाच्या अध्यक्षकाकांनी स्पीकरची वायरच उपटली.

"हे गाणं होय? गणपतीचे एवढे मोठे कान, त्याचा तरी विचार कर बे."

सगळे हसले. बाबा उठले. मला वाटलं, निघाले घरी.

"कावून बंद केलं?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

"भाऊ, कान फुटून राहिले ना."

"तुमचे ऑफिसातले कान हायेत. माझे रोलिंग मिलच्या धडधडाटानं कवाच नेले. पोरगा घरी गाते तं मले नुसतं तोंड हललेलं दिसते. आज पहिल्यांदा शब्द समजून राहिले होते."

बाबांनी स्वतः वायर लावली आणि माझ्याकडे वळले.

"सुरूपासून म्हण, बाबू. ज्याले कान हायेत, त्यानं कापूस घालावा."