चुनखडीचा काप लिंबाने धुतल्याबाबत

विषय: कॉलेजची काच घरी धुतली गेल्याबाबत. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आमची नीला भूगर्भशास्त्र शिकत होती. चुनखडीचा दगड घासून केलेला कागदाहून पातळ काप काचेवर चिकटवून, तपासणीसाठी लाल रंगवून, तिने कौतुकाने डोंबिवलीला घरी आणला. परीक्षेत तोच मांडायचा होता. हिला, म्हणजे नीलाच्या आईला वाटलं, काचेला कुंकू लागलंय. लिंबाने घासून लख्ख केली. काप विरघळला.

नीला चिडली नाही. दुसऱ्या दिवशी आईला कॉलेजात नेऊन तिने मैत्रिणीचा काप मायक्रोस्कोपखाली दाखवला.

"अगं, यात शिंपले आहेत!"

"असाच अख्खा समुद्र धुतलास तू काल."

"मग आता गं?"

"आता बघ पोटभर."

नव्या दगडासाठी अर्ज मी लिहिला. नुकसानीचं कारण: आईची माया. 'कारण बदलावे' असा शेरा आला. मी बदललं नाही.

नीला आता तिथेच शिकवते. अर्ज प्रलंबित आहे.