फोमची चप्पल

सत्त्याण्णव साली सांगलीत मधुमेहाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावर नवरा-बायको कुजबुजत होते.

"आवं, पायाला काय कळत न्हाई म्हणून डाक्टरांनी ही मऊ फोमची चप्पल दिली. दोन म्हयनं झालं, आन् अजून पिशवीतच!"

"घरात कशी घालायची? देव हायेत."

"आन् रानात?"

"चिखलानं खराब झाली असती की."

"फोम कुठं दबलाय त्ये बघत्यात डाक्टर. ह्यो तर नवाकोरा हाय. लय वरडत्याल आता."

"तूच घालून चार फेऱ्या मार. दबंल."

"माझं वजन किती! तुमीच जुनी काढा, ही घाला आन् बिगीबिगी चाला... आवं, जुन्या चपलेत खिळा वर आलाय! रगत लागलंय!"

"कुणाचं?"