थॉर्नबीबाईंचा ताप

वाचा ना थॉर्नबीबाईंची वही, थांबलात कशाला? ‘मुलं आळशी आहेत, सोमवारी वर्गात कुणी फिरकलं नाही’ — वा! सोमवारी आमच्याकडे मयत झाली होती. अख्खी वस्ती हिच्या खिडकीबाहेर रडत होती — पण वहीत डोकं खुपसून बसल्यावर ऐकू कसं येणार? मिस थॉर्नबी म्हणजे मोठी विदुषी! गोरी बाई, शिकवायला म्हणून आम्हा काळ्या आदिवासींच्यात राहिली, रोज लिहीत राहिली, आणि आता तुमच्या ग्रंथालयाला ते सोन्यासारखं वाटतंय म्हणे. वाटू दे. मी मर्टल नाकामारा, तिच्याच वर्गातली — त्या आळश्यांपैकी एक.

पुराचं पान काढा. हो, तेच. ‘विमान उतरत नाही. मला ताप. एक म्हातारी दिवसभर दारात बसून असते, बहुधा साखर हवी असावी.’ — हसू नका, बाई. ती म्हातारी म्हणजे माझी आई. तिशीतली! आणि कसली साखर? ओढा फुगलेला, दुकान रिकामं, हिचे डबे संपलेले — आई घोरपड भाजून न्यायची, निखाऱ्यातली भाकरी न्यायची, हिला भरवायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. मी म्हणायचे, ‘आई, ती तुझ्याकडे धड बघतसुद्धा नाही गं.’ तर म्हणे, ‘तिची आई लांब आहे. आजारी माणसाला एकटं टाकतात का?’ नाही टाकत. आम्ही अडाणी ना, आम्हाला नाही जमत ते.

बाई बरी झाली. ठणठणीत! मग तोच ताप आईला — आणि ओढा ओसरून डॉक्टरचं विमान उतरेपर्यंत — जाऊ दे. जाऊ दे म्हटलं ना. आणा ती वही इकडे, पुढचं मीच वाचते — वाचता येतं मला, बाईंचीच कृपा — ‘मर्टल पुन्हा गैरहजर. शिकायची इच्छाच नाही.’ बघा! किती बारीक लक्ष!

हा कसला फोटो निघाला वहीतून? — झाका! झाका आधी! दारात बसलेली — नाही, नाव नाही सांगणार. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, फोटो बघत नाही. एवढं शिकले तुमचे लोक, हेच राहिलं? खाली काय लिहू म्हणता? काही नाही लिहायचं. तुमच्या ग्रंथालयाच्या भिंतीवर लागणारच नाही तो. थांबा — मी नाही बघत, तुम्हीच बघून सांगा — मांडीवर काय आहे तिच्या? भाकरी? ... फडक्यात गुंडाळलेली?

हं.

वही न्या खुशाल, ती तुमच्या बाईची. फोटो ठेवा इथे. उलटा. वर तो दगड ठेवा, उडेल नाहीतर. चहा? चहा संपलाय. निघा आता.