चौथं हाऊस

विल्फ : तीन! शाळेत भिंतभर नवा फलक, सोनेरी अक्षरं, वर मोठ्या दिमाखात 'आपल्या हाऊसेसचा इतिहास', आणि खाली नावं तीन. थॉर्नली, ॲस्क्यू, मार्चबँक. टाऊन कुठाय?

हिलरी : राहिलं असेल, बाबा. चहा घ्या आधी.

विल्फ : राहिलं नाही, वगळलंय. वसतिगृहातल्या पोरांना तीन हाऊस, तीन इमारती, तीन झेंडे. आणि संध्याकाळी सायकलवर घरी जाणारी आम्ही गिरणी कामगारांची पोरं, सगळी चौथ्यात कोंबलेली. इमारत? सायकलींची शेड. तिथल्या खुंट्यांवर आमचे कोट. तिथंच शिकलो मी, आणि पुढं जन्मभर त्याच हाऊसचा मास्तर होतो.

हिलरी : ठाऊक आहे. क्रीडादिनाला बाकंही तुम्हीच उचलायचात.

विल्फ : जिंकलो तरी! एका काखेत ढाल, दुसऱ्या हातात बाक.

हिलरी : टाऊनवर एवढा जीव, तर मला ॲस्क्यूत कशाला घातलंत?

विल्फ : झालं हिचं सुरू.

हिलरी : मीही सायकलवरच यायचे ना? रीतीप्रमाणे टाऊनच मिळणार होतं. तुम्ही मुद्दाम हेडमास्तरांना भेटून बदलून घेतलंत.

विल्फ : पोरीला खुंटी नको, कपाट मिळावं असं वाटलं. गुन्हा केला?

हिलरी : आणि मग दरवर्षी मैदानाच्या पलीकडे उभे राहिलात. मी शर्यत जिंकले, तेव्हा साधी टाळी नाही वाजवलीत.

विल्फ : कुठला हाऊसमास्तर दुसऱ्या हाऊससाठी टाळ्या पिटतो?

हिलरी : बाप पिटतो.

विल्फ : ...साखर अजून एक चमचा.

हिलरी : डॉक्टरांनी नको म्हटलंय.

विल्फ : तो डॉक्टर थॉर्नलीचा. त्याचं काय ऐकायचं!

हिलरी : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. निघते मी. उद्या दुपारी पाई आणते.

विल्फ : मटणाची आण. मागच्या वेळसारखी भाज्यांची नको. आणि भांडायचं असेल तर सवड काढून ये, असं दारात उभ्या उभ्या नाही.

(दुसऱ्या दिवशी हिलरी पाई घेऊन आली, तेव्हा विल्फ खुर्चीतच गेलेले होते. पुढच्या आठवड्यात, आताचे मुख्याध्यापक प्रेंटिस यांच्या खोलीत.)

प्रेंटिस : सरांच्या स्मरणार्थ शाळेच्या चॅपलमध्ये प्रार्थना होईल, त्या दिवशी आम्ही ॲस्क्यूचा झेंडा अर्ध्यावर आणणार आहोत, मिस ऑग्डन.

हिलरी : ॲस्क्यूचा?

प्रेंटिस : मास्तर गेले की त्यांच्या हाऊसचा झेंडा उतरतो, ही आपल्याकडची जुनी प्रथा. टाऊनला झेंडाच नाही. आपण ॲस्क्यूच्या, म्हणून विचार केला की ऑग्डन सरांना ॲस्क्यूत घ्यावं. हा मान समजा.

हिलरी : त्यांना ॲस्क्यूत घेणार? मेल्यावर?

प्रेंटिस : तसं पाहिलं तर टाऊन हे हाऊस नव्हतंच. ती एक सोय होती.

हिलरी : सोय!

प्रेंटिस : आपण बसा ना.

हिलरी : नाही बसत. अर्धं गाव त्या सोयीत शिकलं, मिस्टर प्रेंटिस. तुमच्या फलकावर तेवढ्यांना जागा नाही, ठीक. पण माझ्या वडिलांना परक्या झेंड्याखाली झोपवून वर मान म्हणू नका!

प्रेंटिस : माझा हेतू चांगला होता.

हिलरी : असेलच. त्यांचाही होता.

प्रेंटिस : मग काय करावं म्हणता?

हिलरी : झेंडा नको, चॅपल नको. प्रार्थना सायकलींच्या शेडपाशी घ्या.

प्रेंटिस : पाऊस आला तर?

हिलरी : शेड आहे. गावातल्यांना सवय आहे तिची.

प्रेंटिस : बरं. तसं करू. पण माजी विद्यार्थी आपापल्या हाऊसप्रमाणे उभे राहतात. आपली जागा ॲस्क्यूत, पुढच्या रांगेत ठेवू?

हिलरी : टाऊनमध्ये ठेवा.

प्रेंटिस : पण आपण टाऊनच्या कधी—

हिलरी : नव्हते. कपाटावरून भांडले, टाळीवरून भांडले, शेवटच्या दिवशीसुद्धा भांडून निघाले. एवढं एकच त्यांना कधी म्हटलं नाही.

प्रेंटिस : काय?

हिलरी : बाबा, मला तुमच्या हाऊसमध्ये यायचं होतं.