बागचींचा पूर्णेंदू

चाळीस वर्षं पडद्यावर काढलेले पूर्णेंदू बागची कोलकात्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मास्क लावून थकून बसले होते. समोर टीव्हीवर त्यांचीच मालिका चालू होती. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या.

"बागचींचा पूर्णेंदू ना हा, बौदी? अजून करतोय कामं?"

"करतोय. बाप काय नट होता. याचा मुलगाही बरा आहे. हाच आपला जेमतेम."

"मग बघता कशाला?"

"तुझे दादा अंथरुणाला खिळले, तेव्हा घरी कुणी फिरकत नव्हतं. हा रोज संध्याकाळी यायचा."

"मला जमलंच नाही, बौदी."

"तुला नाही म्हणत गं."

"दादा बघायचे याला?"

"बघायचे कसले, बोलायचे. हा दिसला की म्हणायचे, 'आलास? बस जरा.'"

आतून पूर्णेंदूंचा नंबर पुकारला गेला. ते बसूनच राहिले.