बारावं मिनिट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात उज्वला मांडीवर प्रिंटर घेऊन बसली होती. तिच्या आधीचा नंबर दिंडोरीच्या नवनाथचा होता. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या या माणसाने कॉम्प्युटर आणि जुना व्हीसीआर दोन्ही दुरुस्ती करणाऱ्या योगेशच्या टेबलावर मांडले होते.

"कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं हे कॅप्चरचं डबडं घरी कुठं जोडता?"

"पुढच्या यूएसबी हबला. हार्ड डिस्कबी तिथंच. बाराव्या मिनिटाला हँग होतं, माऊससुदीक हलत नाय."

"एकाच हबवर दोन्ही, मग होणारच. आता मागच्या पोर्टला थेट जोडलंय. बघा, कॅसेट चालू आहे."

"ही दुसरी हाय."

"जी लावल्यावर हँग होत होतं, ती कुठाय?"

"लताबाईंची होती ती. त्यांच्या मालकांचा आवाज तेवढ्या एका कॅसेटीत होता. मी सांगितलं, कॅसेटीला बुरशी लागलीय, आता काय निघायचं नाय."

"दोष हबचा होता, कॅसेटचा नाही. परत मागवून घ्या."

"मालकांच्या वर्षश्राद्धाला रामकुंडावर आल्या होत्या, तवा गोदावरीत सोडली त्यांनी."

योगेशने माऊस उगाच इकडून तिकडे सरकवला.

"परवा मला द्राक्षांची पेटी धाडली. म्हणल्या, दादा, तुम्ही लय खटपट केली."

"हं."

उज्वला प्रिंटरची वायर गुंडाळू लागली.

"नवनाथभाऊ, वीस मिनिटं झाली. आता नाही होत हँग. घेऊन जा."

"अजून थोडा येळ चालू द्या."

"कशाला?"

"होईल कदाचित."