हात धुण्याचा कोर्स

येलवाल गावाच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर कॉलेजात शिकवणारी वनजा आणि महिला संघाच्या भवानीबाई बोलत होत्या.

“अक्का, इथं सही करा. संघाची सही असली तरच युनिव्हर्सिटी कोर्सला पैसे देते.”

“तुझी कॉलेजची मुलं येऊन काय करणार?”

“तुमच्या बायकांना हात धुवायला शिकवणार.”

“अय्यो! चार वर्षं तेच शिकतोय गं. पास कधी करणार आम्हाला?”

“सही नसली तर कोर्सच बंद होईल, अक्का.”

“करते की. पण यंदा शिकवणार आम्ही. तसं लिही.”

“कुणाला शिकवणार?”

“तुझ्या डिपार्टमेंटच्या हेडना. गेल्या वर्षी भाषण संपवलं आणि हात न धुताच उप्पिट्टू खायला बसले.”

“अक्का, या कागदावर त्यांचीही सही लागते!”

“मग कागदाबरोबर साबण पण ने.”